पुढचे टायर मागे

३ नोव्हेंबर, सोमवार

नवी वही. पहिल्या पानावर फक्त तारीख टाकून शांत बसणार होतो, पण विषय तातडीचा आहे.

शुक्रवारी अप्पांना डायलिसिसला नेताना क्रांती चौकाच्या अलीकडे पुढचं डावं चाक बसलं. सेंटरला पोचायला चाळीस मिनिटं उशीर. तिथं नियम कडक आहे, पेशंट वेळेवर आला नाही की मशीन दुसऱ्याला देतात. त्या दिवशी दुसराही उशिरा आला म्हणून निभावलं. अशा वेळी डोकं शांत ठेवावं लागतं, ते मी ठेवलं होतं.

पंक्चरवाल्यानं टायरवरून बोट फिरवून दाखवलं. म्हणाला, साब, आगे के दोनों अंदर से घिस गए, पिच्छे के आगे डाल लो. म्हणजे टायर रोटेशन. दुकानात तासाभराचं काम. पण माझी एकोणतीस वर्षं वाळूजच्या इंजिनिअरिंग कंपनीत गेली आहेत. असली कामं आपण बाहेर द्यायची म्हणजे लाज आहे. प्रमोदिनी म्हणाली, तुम्ही डिस्पॅचला होता. डिस्पॅच हा इंजिनिअरिंगचाच भाग आहे, हे बायकांना समजावता येत नाही.

संध्याकाळी करुणाचा फोन. बहीण असली तरी तिला सवय आहे जखमेवर बोट ठेवायची. म्हणाली, दादा, तुझ्यानं होत नसेल तर अप्पांना मी फुलंब्रीला आणते, हे रोज गाडी घेऊन शहरात येतातच, मंगळवार-शुक्रवार अप्पांना सोडतील. 'हे' म्हणजे विश्वजीत. एकोणीस वर्षांपूर्वी करुणानं त्याच्याशी लग्न केलं. आपल्यातला नाही, शेतीवाडीवाल्यांचा. अप्पांनी सहा वर्षं तिच्याशी बोलणं टाकलं होतं. मग बोलायला लागले, पण फुलंब्रीच्या घराला अजून पाय लावलेला नाही. ती इकडे येते, तो दारातूनच नमस्कार करून जातो. मी तिला सांगितलं, अप्पा तुझ्याकडे या जन्मी येणार नाहीत, तू हा विषय काढूच नकोस.

निश्चय: येत्या शनिवारी टायर रोटेशन. घरच्या घरी, आपल्या पोर्चमध्ये.

४ नोव्हेंबर, मंगळवार

डायलिसिस. वेळेत पोचलो, उलट सात मिनिटं आधी. प्रमोदिनी शाळेत अर्धी रजा टाकते आणि अप्पांबरोबर आत बसते. मी गाडीत बसतो. आतला वास मला सोसत नाही, शिवाय गाडीजवळ कुणीतरी हवंच. चार तासांत रोटेशनचे नऊ व्हिडिओ बघितले. एका माणसानं अठरा मिनिटांत चारही चाकं फिरवली. तो फार बोलत होता. मी न बोलता केलं तर पंधरा.

अप्पा बाहेर आले तेव्हा पिळून काढल्यासारखे दिसत होते. मी त्यांना उत्साहानं आकृती दाखवली. डोळे मिटून बघतो म्हणाले.

५ नोव्हेंबर, बुधवार

आकृती पुन्हा काढली, रंगीत. पुढचे निळे, मागचे लाल, स्टेपनी हिरवी. बाण नीट आले. अर्धं काम झाल्यासारखंच आहे.

समोरचे धम्मपाल फाटकाशी उभे होते. तीस वर्षं एसटीच्या वर्कशॉपला होते, आता निवृत्त. आकृती बघून म्हणाले, श्रीरंगभाऊ, कशाला कागद रंगवता, शनिवारी मी येतो, माझ्याकडं लाकडी ठोकळे हायेत, दोघं मिळून अर्ध्या तासात करू. नको म्हटलं. माणूस चांगला आहे, पण एसटी वेगळी आणि कार वेगळी. तिथं सगळं दणकट असतं, इथं नाजूक हाताचं काम आहे.

ते जाता जाता म्हणाले, गाडी मात्र रस्त्यावर काढून करा, पोर्चमध्ये खाली हौद आहे. मला माझ्याच घरात हौद कुठं आहे ते सांगत होते.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

डायलिसिस वेळेत. करुणाचा पुन्हा फोन. पुन्हा तेच, अप्पांच्या जिवाशी खेळ, एक दिवस चुकला तर काय, वगैरे. मी अगदी ठाम शब्दांत सांगितलं की यापुढे माझ्यामुळे अप्पांना एकदा जरी उशीर झाला तर तू खुशाल त्यांना घेऊन जा. तिनं फोन ठेवला. काही वेळा असं बोलावं लागतं.

प्रमोदिनी ऐकत होती. म्हणाली, असं कशाला बोललात. म्हटलं, उद्या बघच.

८ नोव्हेंबर, शनिवार, सकाळी ९

कामाला सुरुवात. कंपनीची जुनी टोपी घातली. चाकांवर खडूनं नंबर टाकले.

९.४०

गाडी जॅकवर उचलली. नट सैल करायला गेलो की अख्खं चाक पान्ह्याबरोबर फिरतं. चाकाचं सहकार्य नाही. व्हिडिओ पुन्हा बघितला. नट आधी सैल करायचे, मग उचलायचं. हे त्यानं बारीक आवाजात सांगितलं होतं.

११.१५

पुढचं डावं निघालं! गाडीखाली विटा रचल्या, चार-चारचे दोन थर. हात पुसायला दोरीवरचा एक जुना पंचा घेतला. तो अप्पांचा पूजेचा निघाला. प्रमोदिनी दहा मिनिटं बोलत होती.

१२.३०

मागच्या डाव्याचे तीन नट निघाले. चौथा निघेना. पान्हा घसरून घसरून नटाचे कोपरे गुळगुळीत झाले. दोष पान्ह्याचा. गाडीबरोबर फुकट मिळालेला होता. नवा, लांब दांड्याचा हवा.

पण आज शनिवार. शनिवारी घरात लोखंड आणायचं नाही ही आमच्याकडची पिढीजात पद्धत. अप्पांनी आयुष्यात शनिवारी टाचणी घेतली नाही. अप्पा स्वतःच खुर्चीतून म्हणाले की अरे, अडीअडचणीला चालतं, जा आण. मी नाही गेलो. घरात काहीतरी पाळलं गेलं पाहिजे. शिवाय भूक लागली होती.

प्रमोदिनीचं म्हणणं, मग निघालेलं चाक परत लावा, गाडी निदान उभी तरी राहील. म्हणजे झालेलं काम उलटं करायचं. अर्धवट सोडून देणं माझ्या स्वभावात नाही. गाडी विटांवरच ठेवली.

९ नोव्हेंबर, रविवार

दुकानं बंद. एक उघडं होतं असं धम्मपाल म्हणाले, पण जेवणानंतर कळलं.

गाडी विटांवर तशी बरी दिसते. जाणारे-येणारे थांबून बघतात. दोन-तीन जणांना रोटेशनचं महत्त्व समजावलं. अप्पांनी संध्याकाळी विचारलं, मंगळवारचं काय? मी म्हटलं, अप्पा, आज रविवार आहे. मध्ये अख्खा सोमवार पडलाय.

१० नोव्हेंबर, सोमवार

सोमवार पडला होता, पण तो पाण्याचा निघाला. आठव्या दिवशी पाणी येतं, त्या दिवशी दुसरं काम होत नाही. अकराला आलं, दीडपर्यंत होतं. हौद काठोकाठ भरला. टाकी, पिंपं उद्या हौदातूनच भरू म्हटलं. मी देखरेख केली. थकवा आला म्हणून जरा पडलो.

पाचला पान्हा आणला. देखणा आहे, हात लावल्यावरच कळतं. पण उजेड गेला होता. घाई करून उपयोग नसतो. उद्या सकाळी सहाला उठून सातपर्यंत दोन्ही चाकं लावतो. सेंटरला नऊला पोचायचं. दीड तास हातात राहतो.

प्रमोदिनी म्हणाली, उद्यापुरती रिक्षा सांगून ठेवू का. मला हा अविश्वास आवडला नाही. अप्पांना रिक्षात धक्के बसतात, हे तिला माहीत असायला हवं.

११ नोव्हेंबर, मंगळवार, सकाळी ७.१०

उठायला थोडा उशीर. चौथा नट नव्या पान्ह्यानं दुसऱ्या झटक्यात निघाला. मला माहीत होतं.

७.३५

मागचं चाक काढून पुढं आणलं. आता पुढची बाजू दोन बोटं वर हवी. नेहमीच्या जागी विटा आहेत, म्हणून जॅक जरा अलीकडे, हौदाच्या झाकणावर घेतला. झाकण सिमेंटचं आहे, सपाट आहे, पोर्चमध्ये तेवढीच सपाट जागा. अप्पा स्वेटर, कानटोपी घालून, पिशवी मांडीवर घेऊन व्हरांड्यात बसलेत. मी म्हटलं, अजून वेळ आहे. म्हणाले, असू दे, मी बसतो.

८.०५

झाकण फुटलं. जॅक हौदात. दोन विटाही. गाडी डावीकडे वाकून खड्ड्यावर टेकलीय. कुणाला लागलं नाही.

८.२०

प्रमोदिनी म्हणते, रिक्षा बोलवा. धम्मपाल त्यांची गाडी काढतो म्हणाले. दोघांनाही थांबवलं. जॅक त्यांच्याकडे आहेच, अर्ध्या तासाचा प्रश्न आहे, आणि समोरच्याच्या गाडीतून अप्पांना नेलं असं करुणाला कळलं तर काय अर्थ राहिला? मी सगळ्यांना सांगितलं की सेंटरला फोन केलाय, आज अकरा चालेल म्हणालेत.

फोन करायचाच होता. हात ग्रीसचे होते.

९.३०

गाडी धम्मपालच्या जॅकनं हलत नाही. एसटीचा असूनही. अप्पांनी एकदा विचारलं, किती वाजले. चहाही घेतला नाही. त्यांना दिवसाला अर्धा लिटरच पाणी, चहा त्यातच मोजतात, म्हणून सेंटरवरून आल्यावर घेतात.

१०.४०

प्रमोदिनीनं मला न विचारता रिक्षा आणली. दोघं गेले. मी गाडीपाशी थांबलो. तिला असं सोडून जाता आलं नसतं.

दुपारी १२.४५

परत आले. मशीन दुसऱ्याला दिलं होतं. काउंटरवरच्या बाईनं विचारलं, फोन का नाही केला. प्रमोदिनी म्हणाली, केलाय की, माझ्या मिस्टरांनी सकाळीच केलाय. बाईनं रजिस्टर उघडून दाखवलं. उद्या दुपारी दोनला यायला सांगितलंय.

प्रमोदिनी माझ्याशी बोलत नाहीये. हौदाच्या पाण्यावर ग्रीसचा तवंग आलाय. पुढचं पाणी आता थेट पुढच्या मंगळवारी. अप्पा आडवे झालेत. मी उशाशी जाऊन म्हटलं, उद्या दोनला नक्की. त्यांनी हात वर करून ठीक आहे अशी खूण केली. म्हणजे समजून घेतलंय.

एका दिवसानं काही होत नाही. नेटवर बघितलं. दोन ठिकाणी होतं असं लिहिलंय, तीन ठिकाणी स्पष्ट नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार

पहाटे पाचला अप्पांना धाप लागली. आडवं होता येईना, बसता येईना. खिडकी उघडा, खिडकी उघडा म्हणत होते. खिडकी उघडीच होती. ओठ निळे दिसत होते. मी पोर्चमध्ये गेलो, गाडीकडे बघितलं आणि परत आलो. दोनदा असं केलं. का केलं ते सांगता येत नाही.

प्रमोदिनीनं मला फोन लावायला सांगितलंच नाही. सरळ विश्वजीतला लावला. तेवढ्यात धम्मपाल बनियनवर धावत आले. त्यांनी आणि प्रमोदिनीनं अप्पांना खुर्चीसकट उचलून त्यांच्या गाडीत घातलं. मी पिशवी घेतली. विश्वजीत फुलंब्रीहून निघून आमच्याआधी दवाखान्याच्या दारात. स्ट्रेचरही त्यानंच ओढून आणलं. मला म्हणाला, दादा, काल सकाळीच फोन करायचा व्हता की, लई उशीर केला. रागानं नाही म्हणाला. रागानं म्हणाला असता तर उत्तर देता आलं असतं.

छातीत पाणी झालंय. आयसीयूत मशीन लावलं. प्रमोदिनी बाकावर बसून म्हणाली, घरात प्यायला थेंब नाही आणि त्यांच्या छातीत पाणी. मग ओढणीत तोंड घालून रडली. धम्मपालनं घरी चार हंडे आणून ठेवलेत.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

अप्पांना धोका नाही. डॉक्टर म्हणाले, आणखी दोन-तीन तास उशीर झाला असता तर कठीण होतं. म्हणजे तसे आपण वेळेत पोचलो.

करुणा दवाखान्यात मुक्कामाला आहे. तिनं त्या शुक्रवारच्या फोनवरच्या माझ्या शब्दाची आठवण काढली नाही. मी वाट बघत होतो. तिनं काढली असती तर मी सांगणार होतो की झाकणाचा दोष होता, तो हिशोबात धरता येत नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

अप्पांना सोडलं. मी रिक्षा सांगितली होती, चांगली, मागे गादी असलेली. अप्पा दवाखान्याच्या पायऱ्यांवर उभे होते. विश्वजीतनं हात धरला होता. मी म्हटलं, चला अप्पा. अप्पा माझ्याकडे न बघता त्याला म्हणाले, विश्वजीतराव, मला तुमच्याकडे घेऊन चला.

एकोणीस वर्षांत त्यांनी त्याला नावानं हाक मारलेली मी पहिल्यांदा ऐकली. त्यालाही कळेना काय करावं. तो माझ्याकडे बघायला लागला. मग करुणाकडे. करुणा रडत होती. मी म्हटलं, अप्पा, हवापालट म्हणून चार दिवस जायला हरकत नाही. अप्पा म्हणाले, चार दिवस नाही रे. मला तिथं वेळेवर नेतील.

गाडी निघाली तेव्हा मी काचेजवळ वाकलो. अप्पांनी काच खाली केली नाही. कदाचित त्यांना बटण सापडलं नसेल.

वाईट वाटलं. खोटं कशाला लिहू, फार वाईट वाटलं. घरी आल्यावर प्रमोदिनीनं अप्पांचे कपडे, औषधांचा डबा, चष्म्याची जोडी काढून एका बॅगेत भरली. मी म्हटलं, एवढं सगळं कशाला, येतीलच. ती भरत राहिली.

२० नोव्हेंबर, गुरुवार

टायर रोटेशन पूर्ण.

धम्मपाल आणि वर्कशॉपमधले त्यांचे दोन जुने सोबती आले. फळी घालून गाडी उचलली, ढकलून रस्त्यावर घेतली, लाकडी ठोकळे लावले, चारही चाकं फिरवली. बत्तीस मिनिटं. मी आकृती धरून उभा होतो. त्यांनी ती बघितली नाही, पण चाकं आकृतीप्रमाणेच बसली, म्हणजे नियोजन बरोबर होतं. मग त्यांनी हौदातून जॅक काढला, मंगळवारी त्याच तवंगात पडलेलं पाणी उपसलं, नवं झाकण बसवलं. चहा नको म्हणाले. तुमच्याकडं पाणी नाय, आमच्याकडं या चहाला, असं धम्मपालच म्हणाले.

एक चक्कर मारून आलो. गाडी एकदम सरळ जाते. आता अप्पांना आणायला काहीच अडचण नाही.

२२ नोव्हेंबर, शनिवार

फुलंब्रीला फोन केला. अप्पा झोपलेत म्हणे. संध्याकाळी केला. अप्पा अंगणात बसलेत म्हणे, देऊ का? मी म्हटलं, नको, बसू दे. करुणानं सांगितलं की शुक्रवारी आठ चाळीसलाच पोचले, अप्पांना मशीनला लावून हे तिथंच थांबले. तिथं त्यांना जेवण जातंय. दोन दिवसांत दोनदा हसले. आमच्याकडे ते का हसत नसत याचा विचार केला. तेव्हा आजारी होते.

योजना: मंगळवारी न सांगता-सवरता सेंटरवर जायचं. गाडी घेऊन. सेशन संपलं की म्हणायचं, अप्पा, गाडी दारात उभी आहे, चला घरी. माणूस समोर आला की राग टिकत नाही.

प्रमोदिनीला सांगितलं नाही. तिला शाळा आहे.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

गाडी धुतली. नऊला दहा कमी असताना सेंटरला पोचलो. आज पहिल्यांदा आत गेलो. वास एवढा काही वाईट नाही. फिनेलचा असतो तसा.

काचेच्या दारापाशी एक सिस्टर बसली होती. मोनिका, असं नाव लावलेलं होतं. काचेतून कोपऱ्यातल्या पलंगावर अप्पांचे पाय दिसत होते. कुणीतरी त्यांना लोकरीचे मोजे घातले होते. मी म्हटलं, लक्ष्मणरावांना भेटायचंय. सिस्टर म्हणाली, आत एकालाच सोडतो, त्यांचा मुलगा आहे त्यांच्याजवळ, आत्ताच चहाला खाली गेलाय. मी म्हटलं, मुलगा कोण? ती म्हणाली, विश्वजीतराव. आजोबांनीच फॉर्मवर लिहायला सांगितलं, मुलगा म्हणून. मग तिनं पेन हातात घेऊन विचारलं, तुम्ही कोण त्यांचे?

मी म्हटलं, शेजारी.

ती म्हणाली, मग तुम्हाला बाहेर बसावं लागेल. बाहेर बसलो.